सुरात वाचलेली कादंबरी

मी मुळातच भित्री बाई आहे. विहिरीत वाकून बघायला भिते, अवेळी फोन वाजला तर भिते, आणि घरात सगळं सुरळीत चाललं असेल तर त्याचीही मला भीती वाटते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, ते माझ्याकडे बघूनच म्हणत असावेत. त्यामुळे धाकट्या जावेच्या हृदयाची झडप बदलावी लागेल, असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तिच्याजवळ राहायला मला पाठवायचं घरातल्यांनी कसं ठरवलं, ते मला अजून कळलेलं नाही.

पण दुसरं होतं कोण? दीर फौजेत, लांब सीमेवर. रजा मिळाली की निघतो, असं फोनवर सांगत होता. माझ्या नवऱ्याला हलता येत नव्हतं, कारण कडेगावजवळच्या आमच्या रानात नेमकी तेव्हाच उसाला तोड आली होती, आणि कारखान्याची टोळी काही कुणाच्या दुखण्यासाठी थांबत नाही. त्याने आम्हाला वॉर्डात पोचवलं, उभ्याउभ्या चहा घेतला आणि तो उसाकडे परतला. मागे राहिलो आम्ही दोघी जावा. विरजणाचं दही कुणी संपवलं यावरून आमच्या चुली वेगळ्या झाल्या होत्या, आणि तेव्हापासून एकाच घरात, मधल्या एका दाराच्या अलीकडे-पलीकडे राहून, आम्ही कामापुरतंच बोलत होतो.

तिच्या अंगात ताप होता. तो उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे वाट बघायची. मिरजेला आल्या आल्या मी औंधच्या यमाईला नवस बोलून टाकला होता. ही बरी होऊन घरी आली तर दोघी मिळून डोंगर चढून ओटी भरायला येऊ. तरी जीव टांगणीलाच होता. समोरची खाट सकाळी रिकामी दिसली की मी सिस्टरला शोधत सुटायची. ते माणूस बरं होऊन घरी गेलं, असं तिने सांगितलं तरी दुपारपर्यंत माझा विश्वास बसायचा नाही.

वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात पुस्तकांचं एक जुनं कपाट होतं. दवाखाना ख्रिस्ती लोकांनी काढलेला, आणि कपाटातली पुस्तकंही बहुतेक त्यांचीच होती. मला वाचायची खोड. बारावीपर्यंत शिकलेली, घरात बाकी कुणी वाचत नाही, म्हणून पोह्याचा कागदसुद्धा मी उलगडून वाचते. कपाटापुढे मात्र हात मागे घेतला. गावात काय काय बोलतात ते माहीत होतं. दवाखान्यात गेल्या आणि बाटून आल्या, असं एका घराबद्दल उगाचच उठवलेलं मी स्वतः ऐकलं होतं. शेवटी इकडे तिकडे बघून एक कादंबरी काढली आणि पदराखाली धरून खाटेपर्यंत आणली.

आणि खरं सांगते, मला ती फार आवडली. मग दुसरी आणली, मग तिसरी. गावं आपल्यासारखीच होती. विहीर, दुष्काळ, सासुरवास, सगळं ओळखीचं. त्यांच्यात दारुडा नवरा शेवट यायच्या आत सुधारतोच, हे काही मला पटायचं नाही. आमच्या गावातले दारुडे या कादंबऱ्या वाचत नसावेत. पण त्यातल्या बायका देवाशी बोलायच्या ते मला ओढून घ्यायचं. आमचं देवाशी बोलणं व्यवहाराचं असतं. तू एवढं कर, मी एवढं करते. या बायका मात्र काही कबूल करायच्या नाहीत. पीठ मळता मळता त्याच्याशी भांडायच्या, रुसायच्या, आणि तो समोरच बसलाय असं धरून चालायच्या. देवाजवळ असं नुसतं बसता येतं, हे मला पन्नाशीत कळलं, तेही मिरजेत, स्टीलच्या स्टुलावर.

चौथी कादंबरी वाचत होते तेव्हा जाऊ पडल्या पडल्या म्हणाली, "अक्का, एकट्याच काय हसताय? मोठ्यानं वाचा की. माझाबी येळ जाईल."

ती आपणहून माझ्याशी बोलली याचंच मला इतकं बरं वाटलं, की मी लगेच पहिलं पान काढलं. पण मोठ्याने वाचायचं म्हणजे मला एकच रीत ठाऊक. आमच्या घरी श्रावणात पोथी लागते आणि ती मीच वाचते. तोंड उघडलं की पोथीचाच सूर लागतो. त्यामुळे "घागर घेऊन ती विहिरीकडे निघाली" हे वाक्यसुद्धा मी ओवीसारखं मध्ये तोडून, शेवटचं अक्षर लांबवून म्हटलं. शेजारच्या खाटेवरची बाई हसली. जाऊ हसली नाही. तिने डोक्यावरून पदर घेतला, सलाईन लावलेला हात जपून दुसऱ्या हाताला जोडला, आणि पहिलं प्रकरण संपल्यावर उशाजवळचं तगरीचं फूल माझ्या हातात देऊन पानात ठेवायला लावलं.

"आता अर्धी सोडायची न्हाई," ती म्हणाली.

तेव्हा मी मान हलवली. पोथी एकदा लावली की ती पुरी करायची, हे आमच्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. मध्येच राहिलेली पोथी घराला लागते, असं सासूबाई सांगायच्या, आणि मेलेल्या म्हशीपासून पडलेल्या भिंतीपर्यंत सगळ्याचं खापर त्यांनी एका सालच्या अर्ध्या पोथीवर फोडलं होतं.

कादंबरी होती एका माळरानावरच्या ख्रिस्ती वस्तीतल्या बाईची. तिचा नवरा बोटीवर कामाला गेलेला, वर्ष वर्ष यायचा नाही. बाईला छातीचं दुखणं. शेजारणीशी पाण्यावरून अबोला. रोज संध्याकाळी ती उंबऱ्यावर बसायची आणि म्हणायची, "प्रभू, भीती जाईना, तर राहू दे. तू तेवढा उठून जाऊ नकोस." हे वाक्य आलं की जाऊ डोळे मिटून घ्यायची. मलाही ते इतकं लागलं होतं, की डबा धुताना नळावर मी ते पुटपुटायची, आणि मग यमाईला राग तर येणार नाही ना, म्हणून पुन्हा घाबरायची.

एका दुपारी ती तपासणीला गेली असताना मी शेवटची पानं उघडली. पोथीचा शेवट आधी कुणी बघत नाही, पण ही कादंबरीच ना, असं मनाला सांगितलं. बाई शेवटी मरते. औषधाने बरी होत नाही, नवरा वेळेवर पोचत नाही, आणि ती मरते.

नवरा लांब, छातीचं दुखणं, सगळं हिचंच, आणि वाचणारी मी. पोथी पुरी केली तर तोंडाने तिच्यासमोर मरण वाचायचं. अर्धी सोडली तर सासूबाईंची पडलेली भिंत डोळ्यांपुढे. त्यात ताप उतरला, आणि येत्या गुरुवारी ऑपरेशन, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं.

मग मी चालढकल सुरू केली. घसा बसलाय म्हणाले. कालचंच प्रकरण पुन्हा वाचलं. चष्मा विसरल्याचं सांगितलं, तर तिने माझ्या डोक्यावर चढवलेला चष्मा बोटाने दाखवला. शेवटी एका वयस्कर सिस्टरना मी बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो ताई, ही कादंबरी आहे. मीसुद्धा अर्ध्या सोडल्यात कितीतरी. देव त्याचा हिशेब ठेवत नाही."

मी धावत खाटेशी आले. "सिस्टर म्हणाल्या, ही पोथी नव्हं. सोडली तरी चालतंय."

"त्यांची नसंल," जाऊ म्हणाली. "तुमी सुरात वाचलीसा, मी हात जोडून ऐकली. आता ती आपली पोथी झाली."

चूक माझ्या गळ्याचीच होती.

बुधवारी दुपारी जेवणाची ताटं गेल्यावर तिने पदर डोक्यावर घेतला. एकच प्रकरण उरलं होतं. माझं ठरलं होतं की बाईला जगवायचं. नवऱ्याची बोट वेळेवर आणायची, शहरातला डॉक्टर बोलवायचा, पुस्तकात काही का असेना. दोन पानं जशीच्या तशी वाचली. मग नजर पानावरच ठेवून मनचं सुरू केलं, "आणि दारात नवरा उभाऽऽ". पण मनचं बोलताना सूर लागेना. पुढचं वाक्यच येईना.

"अक्का," ती म्हणाली, "लिवलंय त्येच वाचा. मरती न्हवं ती? मला ठावं हाय."

ती चौथीपर्यंत शिकली आहे, हे मी साफ विसरले होते. मी चहा आणायला खाली जायची तेव्हा तिने बोट ठेवून, अक्षर अक्षर लावून, शेवटचं पान काढलं होतं. माझ्याही आधी.

मला राग आला. इतके दिवस मी एकटी जळत होते आणि ही गप्प. "मग कशाला गं वाचायला लावलंस मला?"

"मरती एवढंच कळलं. पुढचं जोडाक्षरांचं मला लागंना." तिला धाप लागली होती. "भीत मेली का न भिता मेली, तेवढं ऐकायचंय."

मी वाचलं. जसं होतं तसं. वस्तीतली माणसं कामावर गेलेली आहेत, बाई एकटी खाटेवर आहे, आणि दारातून ती अबोल्यातली शेजारीण आत येते. काही न बोलता पायाशी बसते आणि तिचे पाय हातात घेते. बाई खूप घाबरलेली आहे. तिचे हात थरथरताहेत, शेवटपर्यंत थांबत नाहीत. ती शेजारणीकडे बघते आणि म्हणते, "आलास." शेजारीण म्हणते, मी आहे गं, मी. बाई म्हणते, "व्हय. तूच." आणि मग ती जाते.

मी पुस्तक मिटलं. रोज संध्याकाळी ती बाई ज्या प्रभूला हाक मारत होती, तो आला आणि कुणाच्या रूपात आला, ते मला वाचतानाच उमगलं. आधी शेवट चोरून बघितला होता तेव्हा मला त्यात फक्त मरण दिसलं होतं.

"भीतच मेली की," जाऊ म्हणाली. "मग भ्यायलं तरी चालतंय."

मी तिच्या पायांवरची चादर नीट केली आणि हात तिथेच ठेवला. तिने पाय काढून घेतले नाहीत. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिला आत नेईपर्यंत आम्ही दोघी नुसत्या भीत होतो. एकमेकींना धीर द्यायचं नाटक मात्र केलं नाही. बाहेरच्या बाकावर बसून मी यमाईला हाक मारली, आणि मग त्या बाईच्या प्रभूलाही. त्या दिवशी कुणालाच दुखवायची माझी ताकद नव्हती.

जाऊ बरी होऊन घरी आली. दीर येऊन गेला, आम्ही औंधला जाऊन ओटी भरून आलो. तिचं रक्त तपासायला महिन्याला मिरजेला जावं लागतं, तेव्हा मी कपाटातली कादंबरी बदलून आणते. नवरा म्हणतो, वाच, पण दारात बसून वाचू नको. त्यालाही गावाची भीती आहेच. मग मी माजघरात बसून वाचते, ती ऐकते, आणि सूर तोच.

पण भीती काही गेलेली नाही. नवी झडप धातूची आहे, आणि तिचा आवाज येतो. घर शांत असलं की मधल्या दारातून तो माझ्यापर्यंत पोचतो, बारीक, टिक टिक. ऐकू आला की झोप लागत नाही, आणि ऐकू नाही आला की उठून बसते. परवा दुपारी जेवणं झाल्यावर मी आडवी झाले आणि कान लावला, तर काहीच नाही. पुन्हा कान लावला. काहीच नाही. तशीच उठले, अनवाणी धावत तिच्या खोलीत गेले. ती कुशीवर पडली होती, हलत नव्हती. मी गुडघे टेकून तिच्या पाठीला कान लावला.

"चालू हाय अजून, अक्का," ती म्हणाली. जागीच होती. डोक्यावर पंखा घरघरत होता, त्यात आवाज बुडाला होता.

तिने वळून माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे सरकून जागा केली. "बसा जरा," ती म्हणाली. "मीबी त्योच ऐकत पडते. मला लय भ्या वाटतंय."

मी पंखा बंद केला आणि तिच्या पायाशी बसले. मग दोघी मिळून ऐकत राहिलो.