दोब्रिंकाच्या कोंबड्यांमागची पिओनी

दोब्रिंकाने एकतीस वर्षं बल्गेरियातल्या त्या डोंगराळ गावात टपाल वाटलं. तिच्या हातून कुणाचं पाकीट कधी फुटलं नाही. म्हणूनच शेजारच्या म्हाताऱ्या नेवेनाचं पडून कंबरेचं हाड मोडलं आणि मुलगा तिला शहरात घेऊन गेला, तेव्हा बागेची किल्ली दोब्रिंकाकडेच आली.

नेवेनाच्या बागेतलं गडद लाल, मोठ्या फुलांचं पिओनीचं झाड सगळ्या गावाच्या डोळ्यांत भरायचं. लावायला त्याच्या मुळाचा तुकडा दोब्रिंकाने दोनदा मागितला होता, दोन्ही वेळा नेवेनाने नाही म्हटलं होतं. ऑक्टोबरात गावात बोलवा झाली, म्हातारी काही परत येत नाही, घर विकणार. नवे मालक कुदळच लावतील, अशी मनाची समजूत घालून दोब्रिंकाने अख्खं झाड मुळासकट उपटलं आणि आपल्या खुराड्यामागे लावलं.

मार्चमध्ये नेवेना काठी टेकत परत आली. बाग जागी होत होती. दोब्रिंकाला सोबत घेऊन, काठीने वाळका पाला सारत ती एकेका जागेशी थांबत होती. आयरिसची पाती वर आली होती, लिलीचे कोंब मातीतून डोकावत होते. पिओनीची जागा तेवढी मोकळी.

"उंदरांनी खाल्लं असणार," नेवेना म्हणाली. वर दोब्रिंकालाच धीर दिला, की तू तरी काय करणार, पाणी घातलंस हेच खूप.

दोब्रिंका मान हलवून घरी आली. खुराड्यामागे तीन लाल कोंब वर आले होते. तिने त्यांच्यावर बादली पालथी घातली.

तिसऱ्या दिवशी नेवेना स्वतःच फाटकाशी आली. हातात फडक्यात गुंडाळलेली आयरिसची गड्डी. "तुला दोनदा नाही म्हटलं, ते मनाला लागून राहिलंय गं. पिओनी तर गेली. हे तरी घे."

दोब्रिंकाला ती गड्डी घेववेना. ती म्हातारीला खुराड्यामागे घेऊन गेली आणि बादली उचलली. कोंब पिवळट पडले होते.

"उंदीर नव्हते, ताई. मी नेली."

नेवेनाने काठीवर वाकून कोंब निरखले. झाड लगेच परत द्यायला दोब्रिंकाने घाईघाईने फावडं उचललं.

"ठेव ते. वसंतात हलवलं तर मरेल. सप्टेंबरात आण." एवढं बोलून नेवेना बागेची किल्ली मागून घेऊन गेली.

त्या उन्हाळ्यात पिओनीला फूल आलं नाही. दोब्रिंका रोज पाणी घालायची. येणारे-जाणारे विचारायचे, हे काय लावलंयस? "नेवेनाताईंची आहे. चोरून आणली," ती सांगायची, आणि दर वेळी कान तापायचे. काहींना ती थट्टा वाटायची. ज्यांना वाटत नसे, ते पुढचं काही न विचारता निघून जायचे.

सप्टेंबरात भर दुपारी, ढकलगाडीत झाड घालून, ती चौकातून गेली. लपूनछपून मागच्या वाटेने जाता आलं असतं. नेवेनाने काठीने जागा दाखवली. "कोंबांचे डोळे मातीखाली दोनच बोटं. जास्त खोल नको."

दोब्रिंका गुडघ्यांवर बसून माती ओढत राहिली. वर बघायचा धीर तिला झाला नाही.