आत्याच्या नावावरची कमाई

आमच्या घरात माझ्याआधी कोणी अर्जापलीकडे काही लिहिलेलं नाही. त्यामुळे मी लिहायला बसलो हा आगाऊपणाच आहे, माफ करा. पण जिला सांगायचं होतं तिच्यासमोर मला बोलता आलं नाही.

वडशाला आमचा मंडपाचा धंदा. हिवाळ्यात गावोगाव नाटकं होतात, त्यांना बाबा स्टेज, पडदे, लाइट भाड्यानं देतात. पडदे शिवते आत्या, बाबांची मोठी बहीण. नवरा वारल्यावर लहान मुलीला घेऊन ती आमच्याकडे आली, तेव्हापासून. दिवाळीआधी घरात पाय ठेवायला जागा नसते. मखमलीच्या ढिगात बसून ती झालरी लावते, फाटलेलं जोडते. याचे पैसे तिला कोणी दिले नाहीत, तिनं मागितले नाहीत. घरचंच काम.

तिचे स्वतःचे म्हणावे असे पैसे निराधार योजनेचे. ते खात्यात आले की ती बसनं कुरखेड्याला लेकीकडे जायची, नातवासाठी काहीतरी घेऊन. तिकिटासाठी तिला कोणाला विचारावं लागत नव्हतं.

मी बी.कॉम.ला असताना बाबांवर पहिल्यांदा टॅक्स बसणार होता. मीच म्हणालो, कमाई घरात वाटून दाखवू. आईला पगार दाखवला तर तो बाबांच्याच उत्पन्नात धरतात, हे वर्गात शिकलो होतो. बहिणीला तो नियम नाही. म्हणून आत्या. शिलाईची मजुरी तिच्या खात्यात टाकली आणि आठवड्याभरात काढून परत घेतली. तिचं रिटर्न भरायची गरजही नव्हती. कागद पक्का असावा म्हणून मी भरलं.

"माह्या नावानं किती लिवलं?" तिनं विचारलं. मी आकडा सांगितला.

"बापा! भाऊ, आयकून राह्यला का? तुह्यापेक्षा मीच मालदार."

"मंग आजपासून चहा तू पाजत जा," बाबा म्हणाले.

ती हसली. मशीन पुन्हा सुरू करण्याआधी हळूच म्हणाली, "खरंच एवढ्याचं काम होते का रे माहं?"

मी हो म्हणालो. तेवढं मात्र खरं होतं.

पुढे शिकायला मी चंद्रपूरला आलो. आत्याचं कुरखेड्याला जाणं थांबल्याचं आईकडून कळलं. फोनवर विचारलं तर आत्या म्हणाली, "गुडघे दुखून राह्यले बाबू, बस सोसत नाई." मी विश्वास ठेवला. दिवाळीत घरी गेलो तेव्हा मशीनच्या खणात सुईची पुडी शोधताना तहसीलचा कागद सापडला. उत्पन्न जास्त, म्हणून निराधारचे पैसे बंद. आकडा मी भरलेलाच होता.

मी बाबांना म्हटलं, तहसीलात खरं सांगू, पैसे तिला मिळाले नाहीत म्हणून. बाबांनी वायर गुंडाळायला घेतली.

"तसं लिहून देलं तर खोटं कोणं दाखवलं, हे नाई विचारतीन?"

आत्या दारातच होती. "तू परीक्षेचं पाह्य," एवढंच म्हणाली. मी तिची माफी मागणार होतो. बॅग उचलली आणि स्टेशनवर गेलो.

परवा कुरखेड्याहून ताईचा, म्हणजे आत्याच्या मुलीचा, फोन आला. आत्या एकटीच तहसीलात गेली होती. तिथला बाबू चांगला होता. म्हणाला, बाई, पैसे मिळाले नाई असं लिहून द्या, पुढचं मी पाहतो. तिनं विचारलं, मंग माह्या भावाचं काय होईल? त्यानं कोरा कागद तिच्यापुढं सरकवला.

"मंग?" मी विचारलं.

"मंग आईनं लिहून देलं," ताई म्हणाली. "पडदे मीच शिवतो, कमाई माहीच आहे, आता निराधारचे पैसे नोको. आन् मले म्हणते, पोराले तूच घेऊन येत जा, माह्यानं आता येणं होत नाई."