जावईबापूंची स्थळपाहणी

आमच्या शहराला पगारी, शिकलेला, पूर्णवेळ व्यवस्थापक हवा की नको, या वादात मी पहिल्या दिवसापासून 'हवा' या बाजूला होते. शहर म्हणायचं ते नगर परिषद आहे म्हणून. वर्ध्याहून एसटीनं तासभर लागतो आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला तेवढाही लागत नाही. मुख्याधिकारी आहेत, पण त्यांच्याकडे आणखी दोन गावांचा अतिरिक्त कार्यभार. आमच्या वाट्याला मंगळवार आणि शुक्रवार येतात. त्यामुळे आमच्याकडे नळ बुधवारी बिघडला तर तो शुक्रवारपर्यंत अधिकृतपणे बिघडलेला नसतो.

निवडणूक होऊन नवीन नगरसेवक आले आणि त्यांनी ठराव केला की कंत्राटी पद्धतीनं सहा महिन्यांसाठी एक शहर व्यवस्थापक नेमून पाहावा. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं होतं, बाहेरच्या माणसाला आपल्या गावाचं काय कळणार. माझं म्हणणं होतं, आतल्यांना कळून काय झालं. मी महाविद्यालयाच्या कार्यालयात प्रमुख लिपिक आहे. प्रवेशाच्या दिवसांत चारशे मुलांची कागदपत्रं माझ्या हाताखालून जातात आणि एकही गहाळ होत नाही, कारण मी यादी करते. या कीर्तीमुळे नागरिकांची प्रतिनिधी म्हणून मला निवड समितीवर घेतलं.

मी पात्रतेची यादी केली. तिच्यात शिक्षण होतं, अनुभव होता, आणि सगळ्यांत वर, लाल शाईनं, एक अट होती: उमेदवाराचे या तालुक्यात नातेवाईक नसावेत. ही अट मी उगाच घातली नव्हती. आमच्याकडे नवा माणूस भेटला की त्याला तीन प्रश्न विचारतात. कोणतं गाव, मामाकूळ कुठलं, बायकोचं माहेर कोणतं. तिसऱ्या उत्तरापर्यंत तो कोणाचा तरी कोणीतरी लागतोच. रक्ताचं नसलं तर गावकीचं नातं निघतं, त्यात जातीपातीचीही अडचण येत नाही. एकदा नातं निघालं की त्याच्याकडून काम करून घेण्याची पद्धत बदलते.

तीन उमेदवार आले. पहिला एका नगरसेवकाचा भाचा. दुसरा वर्ध्याचा, त्याच्या दोन मावश्या आमच्याच बाजारपेठेत. तिसरा साताऱ्याकडचा, तिशीतला. नाल्या, कचरा, पाण्याचं वेळापत्रक यांवर विचारलं ते त्यानं कागद न बघता सांगितलं. शेवटी मी अटीबद्दल विचारलं. "नाही मॅडम, या भागात माझं कोणीच नाही," तो म्हणाला. तो खोटं बोलला नाही. पुरुषांना नातेवाईक विचारले की ते स्वतःचेच मोजतात.

रुजू झाल्यावर त्यानं आल्या आल्या खिडकीवर तक्रारवही ठेवली, दोरीला पेन बांधून. पहिल्या आठवड्यात अकरा तक्रारी आल्या. चौथी माझी होती.

ती खरं तर शेजारच्या काकूंची. काकू विधवा आहेत, पंधरा वर्षं महाविद्यालयातल्या मुलांसाठी खानावळ चालवतात. आमच्या गल्लीतली नाली त्यांच्या दारापाशी तुंबते. मागच्या पावसाळ्यात ते पाणी स्वयंपाकघरात शिरलं, कणकेचे डबे त्यात तरंगले, आणि आठवडाभरात निम्मी मुलं दुसरीकडे जेवायला गेली. उरलेल्या निम्म्यांवर काकूंनी वर्ष काढलं. "यंदा अजून पाणी आलं तर मी नालवाडीले भावाकडे जातो बाई," त्या मला म्हणाल्या होत्या. भावाकडे जाणं म्हणजे काय ते त्यांना आणि मलाही ठाऊक होतं. भावजयीच्या हाताखाली पोळ्या लाटायच्या, त्याही फुकट.

म्हणून मी तक्रार लिहिली आणि तिची तारीख माझ्या यादीत टिपली. पाऊस यायला तेव्हा पाच आठवडे होते.

दुसऱ्या आठवड्यात कार्यालयातल्या शिपायानं चहा देता देता तिसरा प्रश्न विचारला. बायको पुण्यात वाढलेली, पण सासरे मूळचे आमच्याच तालुक्यातले, नोकरीसाठी तरुणपणीच बाहेर पडलेले. त्यानं गावाचं नाव सांगितलं. संध्याकाळपर्यंत पानठेल्यापासून कापसाच्या जिनापर्यंत सगळ्यांना कळलं की नवे व्यवस्थापक तालुक्याचे जावई आहेत. दुसऱ्या दिवशी नगराध्यक्ष त्यांना दाराशी घ्यायला गेले. "काऊन वो जावईबापू, सांगाचं नाई का पहिलेच," ते म्हणाले, आणि स्वतःच्या केबिनमधली गादीची खुर्ची त्यांच्या टेबलामागे हलवली.

त्यात या वर्षी धोंड्याचा महिना ज्येष्ठात आला. अधिक मासात जावयाला वाण द्यायचं, तर गावाला जावई आयताच मिळाला. ज्यांना स्वतःचा जावई नव्हता किंवा ज्यांचा जावई बोलत नव्हता, त्यांची मोठी सोय झाली. रोज कुठून तरी जेवणाचं बोलावणं येई. त्यांच्या कपाटात वरच्या कप्प्यात फायली होत्या, खालच्यात अनारशांचे डबे. खालचा कप्पा लवकर भरला.

आणि तक्रारवहीत एकही नवी ओळ पडेना. मला आधी वाटलं पेन संपलं असेल. पेन चालू होतं. पण जावयाला आपल्या घरातली गळकी कौलं कोण दाखवतं? तो येतो तेव्हा फाटकी चादर लपवायची, शेजारून कप मागून आणायचे, आणि सगळं बरं आहे म्हणायचं. आमच्या गावानं हे शहराच्या मापानं केलं. जावईबापू फेरीला निघाले की निरोप त्यांच्या पुढे धावे. कचऱ्याच्या ढिगावर ताडपत्री पडे. मोडक्या नळावर कोणी तरी टॉवेल वाळत घाली.

एका शुक्रवारी मुख्याधिकाऱ्यांनी वहीची कोरी पानं पाहिली आणि शेरा मारला: तक्रारींचे प्रमाण शून्य, काम उत्तम.

माझ्या तक्रारीची स्थळपाहणी चौथ्या आठवड्यात झाली. मी तेव्हा महाविद्यालयात होते. काकूंनी सकाळीच नालीच्या कडेनं पांढरी पावडर टाकली, सडा घातला, रांगोळी काढली. नाली तशीही दिसत नाही, कारण प्रत्येकानं गाडी चढवायला दारापुढे तिच्यावर सिमेंटचा उतार बांधला आहे. जावईबापूंनी विचारलं, पाणी तुंबतं का. काकू डोक्यावर पदर घेऊन म्हणाल्या, "नाई जी, आमच्याकडे सगळं बरं हाय. तुम्ही बसा, अनारसे खा."

वहीत नोंद झाली: स्थळपाहणी केली, संबंधितांनी अडचण नसल्याचे सांगितले, तक्रार निकाली.

संध्याकाळी खिडकीवर ती नोंद वाचून मी तशीच काकूंकडे गेले. त्या भाजी निवडत होत्या.

"काकू, तुम्ही नाही म्हणालात?"

"मंग का म्हणू? जावयाले नालीत उतरवू?"

"तो जावई नाही. पगार घेतो तो."

"सगळेच जावई कुठं ना कुठं पगार घेतेत बाई. घरचं गळते म्हणून जावयाले सांगत असते का कोणी?"

"आणि पाणी आत आलं की?"

काकूंनी मेथीची जुडी सोडली. "तुमचं बरं हाय. तुमच्या दारात नाई तुंबत."

घरी येऊन मी यादी पाहिली. पावसाला दोन आठवडे उरले होते.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तोवर कोणालाच सांगितली नव्हती. त्याच्या सासऱ्यांचं जे गाव, तेच माझं माहेर. त्यांचं घर आमच्या घरामागच्या आळीत होतं. शिपायानं गावाचं नाव फोडलं त्याच दिवशी माझ्या लक्षात आलं, पण लाल शाईतली अट माझ्याच हाताची होती, म्हणून मी गप्प राहिले. पिपरी मेघेला माझी बहीण राहते. काकूंकडून आल्यावर तिला हे सांगितलं, तर ती फोनवर म्हणाली, "म्हणजे त्याची बायको आपली गावबहीण झाली, तुझ्याहून लहान. तू त्याची आकडसासू लागतेस." ती हसली, मी फोन ठेवला.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी टिफिन भरताना माझ्या डोक्यात ते नीट बसलं. जावयाला सासू बोलत नाही, सासरा बोलत नाही, मेहुणा तर मुळीच नाही. पण बायकोच्या थोरल्या बहिणीपुढे, म्हणजे आकडसासूपुढे, जावई खाली मान घालतो. सगळ्या शहरात त्याला काम सांगू शकेल अशी एकच जागा नात्यात रिकामी होती, आणि तिथे मी उभी होते.

दुपारची सुट्टी घेऊन मी नगर परिषदेत गेले. तो टेबलाशी बसून वहीची कोरी पानं उलटत होता. मला पाहून म्हणाला, "मॅडम, खरं सांगा. इथल्या लोकांना काही अडचणच नाही का? की मीच कुठे चुकतोय?" आवाजात गंमत नव्हती. रोज गोड खाऊन त्याचा चेहरा उतरला होता.

मी त्याला माझ्या माहेरचं नाव सांगितलं, आळी सांगितली, त्याच्या सासऱ्यांच्या दारातल्या विहिरीची खूण सांगितली. "म्हणजे मी तुमची आकडसासू."

तो उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि वाकून पाया पडला. शिपायानं दारातून पाहिलं, म्हणजे गावानं पाहिलं.

"आता बसू नका," मी म्हणाले. "वही घ्या, सब्बल घेऊन दोन माणसं घ्या, आणि माझ्यामागे चला. वाटेत कोणी अनारसे दिले तर घ्यायचे नाहीत."

गल्लीत पोचलो तेव्हा काकू दारातच होत्या. जावई बाह्या वर करतोय हे पाहून त्या आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. खिडकी मात्र उघडी ठेवली. दोघा कामगारांनी काकूंच्या दारापासून सब्बलनं नालीवरची एकेक फरशी उचलत नेली. त्यानं स्वतः नालीत लांब बांबू घालून पाहिला. बांबू एका ठिकाणी अडला. त्यानं बाहेर काढला, उताराच्या पलीकडून घातला, पुन्हा तिथेच.

"हा उतार कोणाचा?" त्यानं विचारलं.

तो माझा होता.

आठ वर्षांपूर्वी स्कूटरसाठी मी तो बांधून घेतला होता. गवंड्याला बजावलं होतं की खालून पाइप टाक. त्यानं टाकला म्हणून सांगितलं, आणि मी माझ्या यादीत 'पाइप टाकला' यापुढे बरोबरची खूण केली. पाइप खरंच होता. भांड्यांच्या मोरीला लावतात तेवढा. आठ वर्षं अख्ख्या गल्लीचं पाणी त्या मोरीच्या पाइपातून जायचा प्रयत्न करत होतं आणि जमलं नाही की काकूंच्या दारापाशी तुंबत होतं. माझ्या दारात तुंबत नव्हतं, कारण तुंबवणारी मीच होते.

सगळी गल्ली बाहेर आली होती. सगळ्यांना एकच पाहायचं होतं, नात्यातल्या माणसाला जावई काय करतो.

"आकडसासूबाई," तो हळू म्हणाला, "तोडावा लागेल."

माझ्या तोंडाशी आलं होतं की पावसाळ्यानंतर तोडला तर नाही का चालणार. गेली वीस वर्षं हेच वाक्य मी इतरांच्या तोंडून ऐकून त्यांना नावं ठेवत आले होते. "तोडा," मी म्हटलं. माझा आवाज काही फार थोर नव्हता.

सब्बल पडली. खिडकीतून काकू म्हणाल्या, "बाईचा होय?"

त्यानंतर काम सोपं झालं. घरच्याच माणसाचा उतार तोडल्यावर बाकीच्यांना बोलायला जागा राहिली नाही. चार दिवसांत गल्लीतले नऊच्या नऊ उतार गेले आणि त्यांच्या जागी जाळी आली. बोलावणी बंद झाली. आकडसासूला ज्यानं सोडलं नाही त्याला जेवायला बोलावून उपयोग काय, असं लोकांचं मत पडलं. वही भरू लागली.

जूनअखेर दोन दिवस पाऊस लागून राहिला. मी दर तासाला काकूंच्या मोरीत डोकावत होते. पाणी नालीतून वाहत गेलं, आत आलं नाही. जुलैत मुलं परतली, सगळी नाही, पण खानावळ चालेल इतकी. काकू नालवाडीला गेल्या त्या राखीला, आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या.

मुख्याधिकाऱ्यांनी वही पाहून नवा शेरा मारला आहे: तक्रारींत लक्षणीय वाढ, कामात सुधारणा आवश्यक. या शेऱ्याच्या आधारे परिषद आता ठरवणार आहे की व्यवस्थापकाला मुदतवाढ द्यायची की गावाला असला माणूस परवडत नाही म्हणायचं. माझं मत त्यांनी लेखी मागितलं. मी 'हवा' असंच लिहिलं. खाली माझं नातं आणि माझा उतार, दोन्ही जाहीर केले.

ते पत्र द्यायला गेले तेव्हा खिडकीशी काकू उभ्या होत्या. पदर खांद्यावर, दोरीचं पेन हातात. खांबावरचा दिवा आठ दिवस बंद असल्याची ओळ त्यांनी लिहून पूर्ण केली, आणि आत बसलेल्या व्यवस्थापकाला म्हणाल्या, "भाऊ, कधी येता मंग? मागच्या वेळी लई उशीर केला तुम्ही."

तो म्हणाला, उद्या.