मागून येणारा आवाज

वीस वर्षं लोकांच्या हॉलमध्ये स्पीकर जोडून जोडून वायरमनचं एक मत पक्कं झालं होतं. टीव्ही जेवढा मोठा, तेवढा मालक बिनडोक.

आजच्या साहेबांनी तर कहरच केला. वायरमनने ॲम्प्लिफायरपासून सोफ्यामागच्या भिंतीपर्यंत वायर ओढली, लाल टोक लालला, काळं काळ्याला जोडलं, धमधम वाजणाऱ्या सबवूफरला वेगळा प्लग दिला. पाच स्पीकरांपैकी मागचे दोन भिंतीवर चढवणार, तोच साहेब खेकसले, "तिकडे कुठे? पाहुण्यांना दिसणार कसे? पाचही पुढे लावा, टीव्हीच्या शेजारी."

"साहेब, हे दोन मागेच लागतात. आवाज मागून आला पाहिजे ना!"

"मला शिकवू नका."

वायरमनने टीव्हीभोवती पाचही स्पीकरचं दुकान मांडलं आणि सेट चालू केला. साहेबांनी डोळे मिटून ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. "मागून काहीच येत नाही. कसलं काम करता हो?"

आता मात्र वायरमनचं डोकं फिरलं. त्याने सोफा धरला आणि गर्रकन उलटा फिरवला. टीव्ही पाठीमागे, समोर कोरी भिंत. "बसा!"

साहेब बसले. पाठीमागून पाचही स्पीकर गरजले. आता शिव्या पडणार, म्हणून वायरमन पिशवी उचलून दाराशी गेला.

साहेब कोऱ्या भिंतीकडे बघत खुशीत मान डोलवत होते. "हं, आता कसं! डोक्यावर बसल्याशिवाय तुम्ही लोक नीट काम करतच नाही."