मागच्या ड्रमपुढची टिक

नऊ फेब्रुवारी, रविवार, सकाळी दहा. उद्यमनगरातलं गॅरेज. हजर: मी, मिस्त्री आणि जॅकवर चढवलेली माझी गाडी. गैरहजर: धाकटा भाऊ. त्याला मी बोलावलंच नव्हतं.

मिस्त्रींनी मागचं डावं चाक काढलं, हातोडीनं ठोकत ड्रम सैल केला आणि ओढून बाजूला घेतला. काळी भुकटी खाली सांडली. आतल्या दोन्ही ब्रेक शूंवरचं घासणारं लायनिंग पार ते धरणाऱ्या रिवेटपर्यंत झिजलं होतं. सिलिंडरमधून गळलेल्या ब्रेक ऑइलनं त्यातला एक शू ओलाही झाला होता. मिस्त्रींनी तो माझ्यासमोर धरला.

"ताई, ह्ये शेवटचं कधी उघडलं होतं?"

गाडीच्या कामांची वही माझ्या हातातच होती. डिसेंबरच्या पानावर, रत्नागिरीच्या प्रवासाआधीच्या यादीत, 'मागचे ब्रेक' यापुढे माझी ठसठशीत टिक होती. मी काहीच उघडून बघितलं नव्हतं. सोसायटीच्या चढावर हँडब्रेक ओढला, गाडी हलली नाही, टिक केली. त्या दिवशी यादीत आणखी बारा कामं होती.

भावाची स्वतःची गाडी दुरुस्तीला होती, म्हणून माझ्या या गाडीतून तो आईला रत्नागिरीला घेऊन गेला. निघताना त्यानं विचारलं होतं, "अक्का, ब्रेक बघितलेस न्हवं?"

"वहीत आहे," मी म्हणाले.

आंबा घाट उतरताना पेडल खोल गेलं आणि गाडी एका ट्रकच्या मागे हातभर अंतरावर थांबली. घरी आल्यावर भावानं ते सांगितलं, तर मी आईसमोर म्हणाले, "पेडलला कशाला नावं ठेवतोस? उतारावर गिअर खाली घ्यायचा असतो. गाडी मी तपासून दिली होती."

"बरं, तुझंच खरं," तो म्हणाला.

तेव्हापासून आई त्याच्या गाडीत बसत नाही. दोघं बावड्याला एकाच घरात राहतात. दवाखान्यात जायचं असलं की तिला रिक्षा लागते, आणि भाऊच कोपऱ्यावर जाऊन ती आणतो.

परवा माझ्याच पायाखाली पेडल तसंच खाली गेलं, म्हणून मी गॅरेजमध्ये आले होते.

"याआधीच्या गॅरेजवाल्यानं बघितलं नसेल," मी मिस्त्रींना म्हणाले.

"कुठलं गॅरेज?"

"आठवत नाही."

"मग वहीत बघा की! एवढी जाडजूड हाय."

मी वही मिटली.

पार्ट आणायला आम्ही शेजारच्या दुकानात गेलो. शूचं माप मी नेटवरून उतरवून आणलं होतं. दुकानदारानं त्याप्रमाणे डबा काढला. मिस्त्रींनी नवा शू जुन्याला पाठीला पाठ लावून धरला. नवा बोटभर लांब निघाला.

"ह्याच गाडीला दोन मापं येत्यात, ताई. कागदावरनं न्हाय, जुनं हातात घिऊन निवडायचं."

दुसऱ्या डब्यातला बरोबर जुळला. गळती डावीकडेच आहे, मग उजवीकडचे शू राहू देत का, असं मी विचारलं.

"एक बाजू धरंल, दुसरी सुटंल. घाटात गिरकी घ्यायची हाय व्हय?"

दुकानदार खो खो हसला. मी चारही शू, दोन्ही सिलिंडर आणि स्प्रिंगांचा सेट घेतला.

परतताना मिस्त्रींनी विचारलं, "असल्या ब्रेकवर कुठं लांब गेलता काय?"

"आंबा घाटातून. भाऊ चालवत होता."

ते थांबलेच. "मग हात चांगला हाय त्येचा. दुसरा कोण असता तर गाडी थांबली नसती. सांगा त्येला, मी म्हटलोय म्हणून."

मी मान डोलावली. काम संपेपर्यंत तिथल्या स्टुलावर बसून राहिले. मिस्त्री एका वेळी एकच बाजू खोलत होते, स्प्रिंगांची जागा विसरली तर बघायला दुसरी शाबूत असावी म्हणून. इतकी वर्षं गाड्या खोलणारा माणूस स्वतःच्या आठवणीवर विसंबत नव्हता. मी वहीतल्या एका टिकेवर आईला घाटात पाठवलं होतं.

ओला शू त्यांनी टाकायला घेतला तेव्हा मी तो मागून घेतला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवला. बावड्याला जायचं, तो आईपुढे ठेवायचा आणि भावासमोर सांगायचं, की मी ड्रम उघडून बघितलाच नव्हता.

तीन रविवार गेले. शू अजून डिकीतच आहे.