बांधावर गेलेलं शेत

श्रावणातल्या पौर्णिमेच्या उधाणाने खाडीच्या बांधाला खांड गेली. सकाळी पाहिलं तर लावणी झालेल्या भातात खारं पाणी शिरलेलं. आमचं शेत खांडीला लागूनच. नवरा रोह्याला कंपनीत, सुट्टी मिळाली नाही. सासऱ्यांना दमा. म्हणून घरचं माणूस म्हणून मी बांधावर गेले.

बांध फुटला की घरटी एकाने यायचं आणि बिनपैशाने राबायचं. याला आमच्या पेणच्या खारेपाटात जोळ म्हणतात. उधाण उतरलं की मधल्या दिवसांत पाण्याला जोर नसतो. तेवढ्यात, अमावास्येच्या आत, खांड बुजवायची.

मला नुसतं उभं राहता येत नाही. खुंट कोणी ठोकायचे, पेंढा कोणी आणायचा, मातीच्या ढेपा हातोहात द्यायला रांग कुठे लावायची, सगळं वाटून दिलं. माती कुठली, हे कोणी विचारलंच नाही. जवळच्या शेतातली घ्यायची, अशी रीतच होती. बांध दरवेळी तिथेच फुटायचा, त्यामुळे माती दरवेळी आमचीच जायची.

सासरे काठी टेकत आले होते. मी म्हटलं, "मामा, यंदा माती बांधाबाहेरची, खाडीतली घेऊ या."

"बाहेरचा चिकल पातळ. हाताला धरत नाय."

"मग आपलं शेत?"

"बांध नाय तर कुणाचंच नाय. काढू दे."

पहिलं फावडं मीच मारलं. ढेपेबरोबर चार रोपं वर आली. ती बाजूला ठेवावीत असं वाटलं, पण ठेवणार कुठे? ढेप तशीच पुढे दिली.

शेजारची काकी रांगेत माझ्या मागे होती. ती म्हणाली, "गो, आता भात नको लावू. या खड्ड्यात म्हावरा सोड."

"येऊ दे तरी म्हावरा," मी म्हटलं. रांग हसली. मीही हसले.

अमावास्येला बांध टिकला. पुढच्या पावसाने खार धुवून काढला, ओहोटीला उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची, फळी वर केली आणि शेतांतलं पाणी भराभर खाडीत उतरलं. आमचं उतरलं नाही. आमचं शेत आता उघाडीच्या उंबऱ्यापेक्षा खोल होतं. सासरे वर्षानुवर्षं म्हणायचे, जमीन बसत चाललीय. बसतही असेल. पण फावड्याने काढलेली तर मी पाहिली होती.

मी डब्याने पाणी उपसलं. काकीच्या मुलाचा पंप आणून लावला. सकाळी झिरपून पाणी पुन्हा तेवढंच. उरलेली रोपं मुळाशी काळी पडली, ओढली की हातात यायची.

नवरा आला तेव्हा बाकीची शेतं हिरवी झाली होती. तो बांधावर जाऊन आला. मग त्याने विचारलं, "पुढच्या सालचं बियाणं हाय ना?"

होतं. कणगीत, राखेत घोळून, मीच ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी मी ते पाखडून राख काढली आणि गिरणीवर भरडायला नेलं.