पाइपाला ढील
जळक्या ऑइलचा वास आला की मला वडिलांची ती जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार आठवते. दिंडोरीच्या आमच्या द्राक्षबागेतल्या शेडमध्ये, एकेक पार्ट मिळवत, अकरा वर्षं खपून त्यांनी ती उभी केली होती. इंजिनापासून ऑइल थंड करणाऱ्या कूलरपर्यंतचे दोन रबरी पाइप तेवढे मी बसवले. सातपूरला कारखान्यात कामाला असल्याची घमेंड होती, म्हणून अगदी ताणून, पट्ट्यांनी आवळून. “ढील ठेव जरा, इंजिन हलतं. द्राक्षाची काडी पण आपण तारेला आवळून बांधत नाय,” वडील म्हणाले. “नाना, ही गाडी आहे, बाग नाही,” मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी गंगापूर रोडला त्यांनी पहिल्यांदाच गाडी दामटली. इंजिनाने हिसका दिला, पाइप उपटून निघाला, सगळं ऑइल रस्त्यावर सांडलं आणि गाडी थांबेपर्यंत इंजिन जाम झालं. वडील स्टिअरिंग धरून नुसते बसून राहिले. त्या गाडीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. पुढे बागेत वडील मजुरांना “ढील ठेवा” सांगत असले आणि मी जवळ आलो, की ते मध्येच थांबायचे. आता ते नाहीत, बाग मी बघतो; मजूर काड्या आवळून बांधताना दिसतात, आणि माझं तोंड उघडत नाही.